रुसलेला जावई

आमच्याकडे लग्नात जावई रुसला की वरात हलत नाही. त्याला कारण विचारायचं नसतं, काय हवं ते विचारायचं असतं, आणि झेपण्यासारखं असेल तर द्यायचं असतं. एवढा सोपा मान आहे आणि मी तो आयुष्यभर मन लावून वापरला आहे.

माझ्या लग्नानंतर सासरचं पहिलंच कार्य होतं. मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि दुसऱ्या जावयाला गादीची. मी उठून जनरेटरच्या गाडीमागे जाऊन बसलो. दुपट्टा घेऊन सासरे स्वतः आले, तेव्हा बाहेर आलो. तेव्हापासून सासरच्या प्रत्येक लग्नात माझ्यावर नजर ठेवायला एक माणूस नेमलेला असतो. बायको म्हणते, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? मी म्हणतो, रीत आहे.

माझं आंजीला किराण्याचं दुकान आहे. मोठ्या मेहुण्यांचं, म्हणजे बायकोच्या भावाचं, कारंजाला, हायवेवर, पाईप आणि मोटारींचं. त्यांना दोन मुलगे. धाकट्याची दहावी झाली त्या उन्हाळ्यात तो एका संत्र्याच्या बगीच्यात बेशुद्ध सापडला. सोबतचे दोस्त घाबरून पळून गेले होते. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं तेव्हा आम्ही दोघं आंजीहून धावत गेलो. तरुण डॉक्टरांनी त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगा बरेच महिने पितो आहे.

ती माउली म्हणाली, "असं कसं होईन डॉक्टरसाहेब? आपल्या जिल्ह्यात तं दारूबंदी हाये."

मला आधी हसू आलं, मग कळलं की ती चेष्टा करत नव्हती. आम्ही सगळेच तसे. जी वस्तू जिल्ह्यात नाही तिच्याबद्दल घरात पोरांशी बोलायचं कशाला? आणि ती नाही असं म्हणत असतानाच, फोन केला की पाण्याच्या कॅनच्या आधी बाटली दारात येते, हेही प्रत्येकाला ठाऊक असतं. वर्ध्यात राहायचं म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सांभाळायच्या. मोठ्यांना ते जमतं. पोरांना कोणी काही सांगतच नाही, मग ती एकमेकांना विचारतात.

दवाखान्यातून सुटल्यावर बायकोने कोणाला न विचारता जाहीर केलं, "पोट्टं माह्याकडे राहीन." अकरावीला त्याने वर्ध्याच्या कॉलेजात नाव घातलं. रोज बसने जायचा, यायचा.

आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात. तर हा मामाजी म्हणजे मी, आणि माझा स्वभाव सगळ्या गावाला माहीत. पहिल्या आठवड्यात तो दारात आला की मी त्याचं तोंड हुंगायला पुढे व्हायचो. बायकोने एकदा मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. म्हणाली, "तो घरी येऊन राह्यला का नाक्यावर? तुमी असंच केलं तं उद्या येणारच नाई." मी हुंगणं बंद केलं. मोठा त्रास झाला मला, खोटं कशाला बोलू.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी त्याला एक गोष्ट सांगितली होती. तलफ येणारच, आली की लपवायची नाही, कोणाला तरी बोलून दाखवायची. आता घरात आत्या होती, शांत, मायाळू. फोनवर आई होती. त्याने निवडलं कोणाला, तर मला. एका संध्याकाळी दुकानात आला, साखरेच्या पोत्यावर बसला, नखं कुरतडत राहिला, आणि म्हणाला, "मामाजी, आज लय वाटून राह्यलं."

माझ्या तोंडाशी आलं होतं, 'लाज नाही वाटत?' पण तो मान खाली घालून बसला होता. मी गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणालो, शटर अर्धं ओढलं आणि त्याला घेऊन गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालत गेलो. काय बोललो? तुरीचा भाव, क्रिकेट, त्याचे फिजिक्सचे सर खडू कसा फेकतात. परत येईपर्यंत त्याचं बरंचसं उतरलं होतं. पुढे हे चालूच राहिलं. कधी चार-चार दिवस नाही, कधी लागोपाठ. गिऱ्हाइकं कुरकुरायची. मी त्यांच्यावर खेकसायचो.

मध्ये एकदा तो चुकला. कॉलेजातून आला तोच डोळे लाल, बोलणं जड. मी अंगणात उभा राहून एवढा ओरडलो की शेजारचे बाहेर आले. बायकोने त्याला आत नेऊन वरणभात खाऊ घातला आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं, संपलं, आता हा पोरगा माझ्यापाशी येणार नाही. पण दुसऱ्या संध्याकाळी तो पोत्यावर येऊन बसला. मला इतका आनंद झाला की मी उगीच वजनकाटा पुसत बसलो.

मग त्याच्या मोठ्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी अमरावतीकडची.

इथे बाहेरच्यांना एक सांगायला हवं. आमच्याकडच्या वराती जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत भारी सोज्वळ असतात. गाडीत पुरुष मंडळी खिडकीबाहेर बघत बसतात, कोणी भजनसुद्धा म्हणतं. हद्द ओलांडली की पहिल्या ढाब्यावर गाडी आपोआप थांबते, ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. पलीकडे बंदी नाही. तिथून पुढची वरात वेगळीच असते. आणि पोरं पहिला घोट घेतात तो बहुतेक तिथेच, कोणीतरी काका लाडाने देतो म्हणून. याचंही तसंच झालं होतं, नववीत असताना. "बियर हाये रे, दारू थोडीच हाये," असं त्या काकांनी म्हटलं होतं. ते काका अजूनही सगळ्या लग्नांना असतात.

लग्नाच्या दोन दिवस आधी तो मला म्हणाला, "मामाजी, मी वरातीले येत नाई."

"काऊन? सख्ख्या भावाचं लग्न हाये लेका."

"नाचाले लागलो का कोणी तरी हातात ग्लास देतेच. एक-दोनदा नाई म्हणतो मी. मंग ते म्हणते, बाईमाणूस झाला का बे? दवाखान्यातून आला म्हून भेतं का? सगळे हासते. मंग माह्याच्यानं नाई होत."

मी मोठ्या मेहुण्यांशी बोललो. ते कळवळून म्हणाले, "जवाईबुवा, नवरदेवाचा भाऊच वरातीत नाई, तं लोक काय म्हणतीन? आता तं सुधरला ना तो." त्यांचंही चूक नव्हतं. बापाला पोरगा बरा झालेला बघायची घाई असते. शेवटी पोरगा आला. नवा कुर्ता घालून, माझ्या शेजारच्या सीटवर, सगळा रस्ता गप्प.

हद्द ओलांडली. ढाब्यावर गाडी थांबली. मंडळी खाली उतरली, एकाएकी सगळ्यांना कंठ फुटला. दोन जण बाटल्यांचं खोकं आणायला पलीकडच्या दुकानाकडे निघाले. चुलतभावांच्या घोळक्यातून हाक आली, "ये ना बे, बसून काय राह्यला!" पोरगा उठला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. पोत्यावर बसल्यावर जसा पाहायचा तसाच. पण इथे पूल नव्हता, शटर नव्हतं, आणि वरात सोडून चालायला कुठे नेणार त्याला?

मी खाली उतरलो, ढाब्यावरच्या एका खाटेवर जाऊन बसलो, पायातल्या चपला काढल्या आणि तोंड फिरवलं.

"जवाई रुसले!" कोणीतरी ओरडलं.

मग सगळं रीतसर सुरू झालं. आधी हसणं. नवा दुपट्टा आला, मी पाहिलासुद्धा नाही. पुढच्या गाडीतली एसीची जागा देऊ केली. मेहुण्यांनी आपल्या बोटातली अंगठी काढली. मी मान हलवली. तिकडे मुलीकडच्यांचे फोन यायला लागले, मुहूर्त जवळ येत होता. बायकांच्या गाडीतून माझी बायको तणतणत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि माझं तोंड नीट पाहून एकदम गप्प झाली. इतक्या वर्षांत माझे खोटे रुसवे तिने भरपूर पाहिलेत. तिने वळून आपल्या भावाला सांगितलं, "दादा, ते काय मांगते ते इचार."

मेहुण्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ते खोकं परत करा. या वरातीत कोणी प्यायचं नाई. हो म्हणा, आत्ता उठतो."

ते बियरवाले काका म्हणाले, "हे काय मांगणं झालं? काऊन पण?"

"रुसलेल्या जवायाले कारण इचारत नसते," मी म्हणालो.

पोराचं नाव मी घेतलं नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला भीती एवढीच होती की मेहुणे सगळ्यांदेखत त्याच्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. ते माझ्याकडेच बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग ते स्वतः दुकानाकडे गेले आणि खोकं घेऊन निघालेल्या दोघांना परत फिरवून आले.

सगळी वरात कोरडी राहिली असं मी म्हणणार नाही. काही जण डीजेच्या गाडीमागे जाऊन आलेच, त्यांची चाल मला कळते. पण मी पुढे चालत होतो आणि मागे धाकटा नाचत होता, अंगातला सगळा घाम काढून, हात वर करून. एकदा एका पोराने त्याला बाजूला ओढलं, कानात काहीतरी सांगितलं. माझे कान तिकडेच होते. पोरगा हसून मोठ्याने म्हणाला, "नाई रे बापा, आमचे मामाजी रुसतीन. लग्न मोडीन ना भावाचं!" ते पोरगंही हसलं आणि निघून गेलं. कोणी त्याला भित्रा म्हटलं नाही. सगळी थट्टा माझी झाली. माझी तर आयुष्यभर होत आली आहे. त्या दिवशी ती मला गोड लागली.

बारावी करून आता तो नागपूरला शिकतो. होस्टेलवर राहतो. तिथे काय नसतं? मला इथे काळजी वाटते, जेवताना वाटते, दुकानात माल मोजताना वाटते. मी स्वतःहून फोन करत नाही, बायकोची सक्त ताकीद आहे. संध्याकाळी दुकानात असतो तेव्हा कधी कधी त्याचाच येतो. मागे पोरांचा आवाज, गाणी. तो इकडचं तिकडचं काही बोलत नाही.

"मामाजी," म्हणतो, "तुमी अजून रुसूनच हा ना?"

"हो रे बाबा," मी म्हणतो, आणि शटर अर्धं ओढून घेतो. "रुसूनच हावो. बोल."