मेश्रामकाकूंची गोळी

मेश्रामकाकूंना राग यायचा असला की आधी ‘टक्’ असा आवाज व्हायचा. शुगर-फ्री गोळ्यांची ती इवलीशी पांढरी डबी. वरचं बटण दाबलं की खालून एक गोळी पडते. काकू ती चहात टाकत, शांतपणे ढवळत, एक घोट घेत आणि मगच समोरच्याची खरडपट्टी काढत. शेवटी हात जोडून म्हणत, “बुरा मत मानना, गोली का असर है.”

जबलपूरच्या विजय नगरमध्ये त्यांच्या आणि आमच्या घराच्या मध्ये एकच भिंत. लहानपणापासून मी काकूंना पाहिलं ते मान हलवतानाच. नवरा म्हणेल ते, सासू म्हणेल ते, आणि ती दोघं गेल्यावर मुलगा विवेक म्हणेल ते. “चलो, ठीक आहे,” एवढंच त्यांचं बोलणं. मान हलवायला मीही बहुतेक त्यांच्याकडूनच शिकले. मग काकूंना मधुमेह निघाला, साखर सुटली, गोळी आली, आणि कोणीतरी मोबाइलवर वाचून सांगितलं की असल्या गोळ्यांनी म्हणे चिडचिड होते. खरं-खोटं कोण बघतो! काकूंना उभ्या जन्मात पहिल्यांदा रागवायला निमित्त मिळालं होतं.

पहिला बळी भाजीवाला. “भैया, ये भिंडी है कि लकड़ी?” वर्षानुवर्षं जून भेंडी निमूट घेणारी बाई असं बोलल्यावर तो बिचारा हबकलाच. पुढे गल्लीत शिरतानाच विचारायचा, “दीदी, आज गोली ली क्या?” सिहोऱ्याच्या एका लग्नात जावेने नेहमीसारखी पोळ्या लाटायला हाक मारली. टक्. “मी पाहुणी आहे वो आज. पोळ्या खाऊन राहिली, लाटून नाही राहिली.”

गोळीची कीर्ती पसरली. समोरच्या घरातली सून सासूशी बोलण्याआधी काकूंकडून दोन मागून न्यायची. सासूच्या ते लक्षात आलं, तेव्हा तिने ओमतीच्या बाजारात जाऊन स्वतःची डबी आणली. तेव्हापासून त्या घरात चहाच्या वेळी दोन्ही बाजूंनी टक्‌टक् चालायची. पलीकडचे पांडेजी बायकोला जाब विचारायचा म्हणून तीन गोळ्या खाऊन गेले आणि तसेच परत आले. “कुछ नहीं हुआ.”

“आपका हाज़मा कमज़ोर है,” काकूंनी निदान केलं.

एकदा तपासणीला मीच त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी परोपरीने समजावलं, की रक्तातली साखर फार वर-खाली झाली तर माणूस चिडतो हे खरं. पण तुमची तर छान जागेवर आली आहे, आणि एवढ्याशा गोळीने कोणी भांडत नसतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “पोरगा नवीन आहे. शिकेल.”

मग विवेकने बंगळूरहून फोनवरच ठरवून टाकलं, की घर विकायचं आणि आईला तिकडे न्यायचं. काकूंच्या तोंडून जुनंच निघालं, “चलो, ठीक आहे.” फोन ठेवून त्या अंगणातल्या मधल्या भिंतीशी आल्या. डोळे भरले होते. “मला नाही जायचं वो. हे घर बांधताना भिंतींना मी पाणी मारलं आहे. पण त्याच्यापुढे तोंडच नाही उघडत. येऊ दे त्याला, गोळी घेऊन बोलते.”

पण गोळीची ख्याती बंगळूरलाही पोचली होती. विवेकने आल्या आल्या डबी स्वतःच्या खिशात घातली आणि आईपुढे मन शांत ठेवणाऱ्या कॅप्सूलांच्या बाटल्या मांडल्या. मॅग्नेशियम, अश्वगंधा, आणखी काय काय. दुसऱ्या दिवशी घराला गिऱ्हाईक यायचं होतं. मी काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊन बसले.

चहा आला. गिऱ्हाईक प्रेमाने म्हणालं, “माताजी, आपकी तो हाँ है न?”

काकूंचा हात सवयीने डबीकडे गेला. डबी नव्हती. त्यांनी तो फिका चहा एका दमात संपवला आणि कप खाली ठेवला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “घर नाही विकायचं. मी इथंच राहणार.”

विवेकने खिसा चाचपला. डबी जागेवर होती. “आई, गोळी घेतली का तू?”

“कालपासून नाही ना घेतली! त्यानंच चिडचिड होऊन राहिली.”

विवेकने घाईघाईने डबी काढून त्यांच्या हातात दिली. काकूंनी टक् करून एक गोळी काढली, ती गिऱ्हाइकाच्या कपात टाकली आणि म्हणाल्या, “चाय पीजिए.” गिऱ्हाईक चहा न पिताच उठलं.

काकू पुढे त्याच घरात राहिल्या आणि या हिवाळ्यात त्याच घरात, झोपेत गेल्या. भिंतीपलीकडून आवाज येत नाही याची मला अजून सवय झालेली नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाली, लोक चहा घेत बसले. विवेक सुस्कारा टाकून म्हणाला, “त्या गोळ्यांनी आईला बिघडवलं. आधी किती शांत होती, नाही?”

सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलणारच होती. काकूंच्या फोटोजवळ ती डबी ठेवलेली होती. मी उचलली आणि बटण दाबलं. टक्. काहीच पडलं नाही. डबी रिकामी होती.

“शांत नव्हत्या रे काकू,” मी म्हणाले. “गप्प होत्या.”

विवेक माझ्या हातातल्या डबीकडे बघतच राहिला.

“बुरा मत मान,” मी म्हटलं. “गोळीचा असर आहे.”