चंपाबाईनं शिवलेली दोन झबली

आमच्या कामरगावात देवमनला सगळे भित्रा म्हणायचे. म्हणोत बापडे. शहात्तर साली तो दूर समुद्रकाठी अणुवीज केंद्रात मजूर होता. जुने पंप सुटे करायचे, पांढऱ्या फडक्यांनी पुसायचे, मग ती फडकीसुद्धा पिवळ्या पिशवीत बांधून पिंपात सिमेंटखाली गाडायची. त्यातलं विष दिसत नाही, वासही येत नाही. विष मोजायचं यंत्र जवळ नेलं, तरच ते यंत्र कटकटतं.

मुलगा झाला म्हणून तो रजेवर आला, तर लेकराच्या अंगात त्याच पांढऱ्या कापडाचं झबलं!

“माय, हे कापड कुठचं?”

“तुह्यासंगचा पुंजाजी देऊन गेला. काहून ओढून राह्यला?”

कोरं की वापरलेलं, हे धुतल्यावर कोण सांगणार? विचारायला पुंजाजी केंद्रावर. त्यानं विषाचं सांगितलं, तशी त्याची माय चंपाबाई झबलं चुलीत घालायला निघाली. देवमन ओरडला, “जाळू नको! धुरासंगं घरभर होईन!” त्यानं ते डब्यात कोंबलं. “एकच शिवलं ना?”

“दुसरं शेजारच्या गोजराबाईनं नेलं. तिच्या सुनेची लेकरं जगत नाहीत, म्हणून जगत्या लेकराचं मागून नेलं.”

देवमन धावला. गोजराबाई दारातच आडवी झाली. “देलेलं वापस नेतं काय? माह्या नातवाच्या जिवावर उठला!”

त्याला खोटं बोलता आलं असतं. पण त्यानं मित्राची चोरी भर गल्लीत सांगितली, विषाची भीतीही सांगितली. गोजराबाईनं झबलं काढून त्याच्या अंगावर फेकलं.

तसाच तो एसटीनं, मग रेल्वेनं केंद्रावर गेला. फाटकावर साहेबांनी दोन्ही झबल्यांवरून यंत्र फिरवलं. यंत्र गप्प राहिलं. कापड भांडारातलं, कोरं होतं. तो तिथंच बसून रडला. पुंजाजीचं काम मात्र सुटलं, दोस्तीही तुटली.

साहेबांनी परत दिलेली झबली घेऊन तो गावी आला. गोजराबाई नातवाला कडेवर घेऊन उभी होती.

“मावशी, कायी नाही याच्यात. घाला आता.”

“आधी तुह्या पोट्ट्याले घाल.”

देवमननं मुलाला झबलं घातलं. यंत्र गप्प राहिलेलं त्यानं स्वतः ऐकलं होतं. तरी बंद बांधताना त्याचे हात थरथरत होते.

गोजराबाईनं ते हात पाहिले.

“राहू दे,” ती म्हणाली, आणि नातवाला उघडाच घेऊन घरी गेली.