शनिवारची मीटिंग

मला शनिवारी ऑफिस नव्हतं.

एवढं साधं वाक्य आहे, पण आजवर मी ते कोणापुढे उच्चारलेलं नाही. सख्ख्या भावापुढे नाही, बायकोपुढे तर नाहीच. कितीतरी वर्षं दर शनिवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन जुईनगरच्या घरातून बाहेर पडायचो आणि ऑफिसला जायचो नाही.

त्याआधी आमचा आठवडा सहा दिवसांचा होता. महापेला एका कंपनीत परदेशातल्या लोकांचे विमा-दावे तपासायचं काम. तिकडचा दिवस संपेपर्यंत इकडचा संपायचा नाही. शेवटी शेवटी तर मी लिफ्टमध्ये उभा राहायचो आणि कुठल्या मजल्यावर जायचंय हेच सुचायचं नाही. समोरचा बोलत असायचा, त्याचे ओठ दिसायचे, शब्द पोहोचायचे नाहीत. मग कंपनीने शनिवार बंद केला. शुक्रवारी दुपारी मेल आला, लोकांनी टेबलं बडवली.

संध्याकाळी घरी आलो तर बायको पातेल्यापुढे वाल सोलत बसली होती. दिवसभर शाळेत विज्ञान शिकवून आलेली. आतल्या खोलीत माझी आई, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. आईला सांभाळणारी बाई शनिवार-रविवार यायची नाही. बायकोच्या शाळेला ते दोन दिवस सुट्टी, म्हणून सगळं तिच्यावर. आईला पुसून काढायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं.

मला बघून ती म्हणाली, "बिरडं करतेय उद्याला. बिचारे शनिवारी पण जाता, निदान डबा तरी चांगला असू दे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. उद्या सांगू, असं म्हणून झोपलो. सकाळी सवयीने निघालोसुद्धा. ऑफिसच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला हसला. "साब, आज तो छुट्टी है ना?"

घरी परत जावं असं मनात आलं. खरंच आलं. पण पाय दुसरीकडे वळले. चालत चालत बोनकोड्याला पोहोचलो. चारी बाजूंनी कोपरखैरण्याच्या इमारती आणि मधे हे जुनं गाव, एकमेकांना खेटलेली घरं, घरांवर चढवलेले भाड्याचे मजले. देवळाच्या ओट्यावर चार जण पत्त्यांचा मेंढीकोट खेळत होते. मी सावलीला टेकलो आणि बसल्या बसल्या झोपलो. जागा झालो तर डोकं हलकं झालेलं. पलीकडे कुणी तरी पानं पिसत होतं, तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता. असा स्वच्छ आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्यांच्यातला एक गडी कमी पडला, तेव्हा मला हाक आली. त्या ओट्यावर सगळ्यांत बोलका होता तो शेजारच्या खोल्यांचा मालक. वडलांची शेती नव्या शहराच्या वसाहतीत गेली, याने खोल्या बांधून भाड्याने दिल्या. सगळे त्याला मालकच म्हणायचे.

"येतो का खेलाला, साहेब? नुसता घोरतोस ते."

मी डबा उघडला की तो डोकावायचाच. बिरड्याचा घास घेतला त्या दिवशी तो खेळायचं विसरला.

"कोनी केलाय?"

"बायकोने."

"घरवालीला सांग, आमच्या गावात पन असा बिरडा कोनी करत नाय. सांगशील ना?"

"सांगतो," म्हटलं. कसा सांगणार होतो?

दुपारी बायकोचा फोन यायचा. "अहो, जेवलात का?" आणि मी एका हातात पानं धरून म्हणायचो, "हो, मीटिंगमध्ये आहे." पहिल्यांदा असं म्हणालो तेव्हा मालक हसून हसून खोकायला लागला. तेव्हापासून त्या ओट्यावर पत्त्यांना मीटिंगच म्हणायचे. मला गल्लीच्या तोंडाशी पाहिलं की ओरडायचे, "बसा रं, साहेबाची मीटिंग लागली!" हरलो की, "साहेब, परमोशन गेला तुजा."

एकदा मालकाने माझा रिकामा डबा घरी नेऊन सुका जवळा भरून दिला. घरी सांगितलं, ऑफिसच्या वाटेवर एक बाई विकत होती. बायकोने कांद्यावर परतला. किती आवडला तिला! "अहो, ती बाई पुन्हा दिसली तर आणा हं." मी मान हलवली.

कबुली देतानाही लपवण्यात अर्थ नाही : ते शनिवार माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुंदर दिवस होते. देवळाच्या फरशीचा गारवा, मागल्या घरातून येणारा मासे तळल्याचा वास, कुणाला काही द्यायचं नाही की कुणाला उत्तर द्यायचं नाही. आजही डोळे मिटले की तिथेच जातो. सोमवारी कामावर मी ताजातवाना असायचो. माझ्या बरोबरीचे एकेक जण आजारी रजेवर गेले, कुणी नोकरी सोडली. मी टिकलो, वर चढलो. नव्या पोरांपुढे मला बोलायला उभं करायचे. पोरं विचारायची, सर, इतकं काम करूनही तुम्ही थकत कसे नाही. मी सांगायचो, आठवड्यातला एक दिवस पूर्ण स्वतःचा ठेवा. ते खोटं नव्हतं. फक्त तो दिवस कुणाचा घेतला, ते मी सांगत नव्हतो.

बायकोला एम.एड. करायचं होतं. वर्ग वाशीला, शनिवारी. तिच्या शाळेत मुख्याध्यापिका होण्यासाठी ते हवं होतं, आणि तिला व्हायचं होतं. फॉर्म आणून तिने फ्रिजवर ठेवला होता. एका रात्री ताटं वाढताना म्हणाली, "तुमचा शनिवार मोकळा असता ना, तर केलं असतं मी. आईंजवळ बसणार कोण?"

मी आमटी वाढून घेतली.

पुढे कधी तरी तो फॉर्म फ्रिजवरून गेला. मी विचारलं नाही.

मग एका शुक्रवारी घरी आलो तर ती वालाच्या पातेल्यापुढे बसली होती, हात पाण्यात, आणि वाल सगळे सालासकट. किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. पाणी गार पडलं होतं.

"काय गं, बरं नाही का?"

"होत नाहीये," ती म्हणाली. "सोलायचे कसे तेच आठवत नाहीये मला."

रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. लिफ्टमध्ये मी जसा उभा राहायचो, तशी ती बसली होती. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, आजार असा नाही, पण बाईंमध्ये काही शिल्लक राहिलेलं नाही. सक्तीची विश्रांती. शाळेने आधी रजा दिली, नंतर तिनेच राजीनामा दिला. वीस मुलांपुढे उभं राहायचं म्हटलं तरी तिला घाम फुटायचा.

त्यानंतर मी जे केलं ते बोनकोड्याहून वाईट. एका संध्याकाळी तिला म्हणालो, "साहेबांशी बोललो. शनिवार सोडवून घेतला. आता मी घरी असेन."

तिने माझा हात धरला. "तुमच्या नोकरीवर येणार नाही ना काही?"

"येऊ दे आलं तर," मी म्हणालो.

आईला मी पुसायला शिकलो, वळवायला शिकलो. आई गेली तेव्हा नातेवाईक जमले होते, त्यांच्यापुढे बायको म्हणाली, "यांनी माझ्यासाठी शनिवार सोडवून घेतला हो. कोण करतं एवढं?" माझ्या मेव्हण्याने पाठीवर थाप मारली. ती थाप अजून पाठीवर आहे.

आता ती सावरलीय. घरी चार मुली शिकायला येतात, तिला वाटेल तेव्हा. शनिवारी दुपारी ती झोपते. मी बेल बंद करून ठेवतो. शुक्रवारी वाल मी सोलतो. बोटं चिकट होतात, निम्मे दाणे फुटतात. परवा ती दारात उभी राहून बघत होती.

"इतका वेळ लागतो होय?" मी म्हणालो.

"मग? तुम्हाला काय वाटलं?" ती हसली आणि फुटलेले दाणे वेचून तोंडात टाकले. तेव्हाही सांगता आलं असतं.

बोनकोड्याला मी पुन्हा गेलेलो नाही. मालक आहे की नाही माहीत नाही.

हे कुठे छापून येण्याआधी मला तिला वाचून दाखवायचं आहे. ती काय म्हणेल ते म्हणेल, निघून जावंसं वाटलं तर तेही. तिच्या बिरड्याला मिळालेली शाबासकी मी अजून तिला दिलेली नाही. तिचे सगळे शनिवार मी देणं लागतो. ते परत करता येणार नाहीत. खरं सांगणं तेवढं बाकी आहे.