मावशीच्या पाटीसाठी किर्यात गातला

इस्राएलला गेले ती एका पाटीपायी. आम्ही ठाण्याचे मराठी ज्यू; रेबेकामावशी ही आईची सख्खी बहीण, तरुणपणीच तिकडे गेलेली. तिनं तिकडे तीस वर्षं फॅक्टरीत पॅकिंग केल्यावर किर्यात गातमध्ये मसाल्याचं दुकान काढलं आणि फोनवर हुकूम सोडला, "बोर्ड तूच करायचा. सगळे म्हणतात, म्हातारीचा टाइमपास. बोर्ड बघून दुकान धावतंय असं वाटलं पायजे."

ठाण्यात माझा धंदाच अक्षरांचा. जाडजूड, बिनशेपटीची, पुढे झुकलेली अक्षरं केली. वर मराठी, खाली हिब्रू. स्टिकरच्या कागदावर कापून नळीत गुंडाळली आणि २००७च्या फेब्रुवारीत निघाले.

जाणार असाल तर एक ऐका. शुक्रवारी उतरू नका आणि हातात लांब नळी नेऊ नका. विमानतळावर ती तीनदा उघडली. इस्राएलमध्ये अक्षरं मिळत नाहीत का, असं तिथल्या बाईनं गंभीरपणे विचारलं. पुढे तेल अवीवपर्यंत रेल्वे आणि मग बस. शाब्बाथमुळे, म्हणजे शनिवारच्या पवित्र सुट्टीमुळे, शुक्रवारी दुपारनंतर बस मिळत नाहीत. शेवटची बस मिळाली, पण बसायला जागा नाही. एका हातात नळी, दुसऱ्या हातात गळणारं फलाफल.

शनिवारी पाटीला हातही लावायचा नव्हता. शाब्बाथला कापणं-चिकटवणं बंद. मी येरझाऱ्या घालायचे आणि जो तो म्हणायचा, "सावलानूत." म्हणजे धीर धर. मावशीची नारळाच्या रसातली मच्छी होती म्हणून धरला.

रविवारी सकाळी अक्षरं चिकटवली. दहाला उद्घाटन. तिकडे रविवार कामाचा, म्हणून मावशीची मुलगी ओर्ली पेताह तिक्वातल्या ऑफिसातून रजा काढून आली होती. कशी झालीय, असं मी मराठीत विचारलं. ती रस्त्यापलीकडे जाऊन बघत राहिली आणि हिब्रूत म्हणाली, "हाफूख."

उलटं. मीही पलीकडे जाऊन बघितलं. प्रार्थनेपुरती हिब्रू मी लहानपणापासून वाचतेय, उजवीकडून डावीकडे. तरी कॉम्प्युटरवर एकच बटण दाबून दोन्ही ओळी उजवीकडे झुकवल्या होत्या. मराठी धावत होती, हिब्रू पाठीवर पडत होती.

लाज झाकायला म्हटलं, "मावशी, ती मागे वळून ठाण्याकडे बघतायत असं समज."

मावशीनं हातातलं ताट खाली ठेवलं. "तीस वर्षांत मी मागं वळून बघितलं नाय. काढ ती."

दोन तास उन्हात ब्लेडनं हिब्रू ओळ खरवडत बसले. आलेली गिऱ्हाइकं मसाला घ्यायची सोडून मला ब्लेड कसं धरायचं ते शिकवत होती. ओर्लीनं पुठ्ठ्यावर हिब्रू नाव लिहून दारात टेकवलं. दुसऱ्या दिवशी मित्स्पे रामोनचं वाळवंटातलं विवर बघायला जायचं होतं, ते जमलं नाही. हाताला फोड आले होते आणि मी स्वतःवर इतकी वैतागले होते की विवरही उलटंच दिसलं असतं.

ठाण्यात आल्यावर महिन्याभरानं पोस्टानं फोटो आला. वर माझी मराठी अक्षरं, उजवीकडे झुकलेली. खाली ओर्लीनं ब्रशनं रंगवलेली हिब्रू, डावीकडे झुकलेली. जाडी कमीजास्त, एक अक्षर तर चक्क फुगलेलं. माझ्या हाताखाली असती तर पुन्हा काढायला लावली असती. पण दोन्ही ओळी आपापल्या बाजूला पुढेच चालल्या होत्या, आणि हे मला धंद्यात पंधरा वर्षं काढून सुचलं नव्हतं, याचा राग अजून आहे.

फोटो टेबलासमोर लावलाय. मागच्या बाजूला मावशीचं अक्षर आहे, ठाण्याच्या शाळेत गिरवलेलं, सरळ उभं: "आता धावतंय."