टॉवरखालची मोजणी

वलगावच्या त्या शेतकऱ्यानं मला अकोल्याहून बोलावलं, तेव्हा फोनवर एवढंच सांगितलं, की घरामागच्या वावरात मोबाइलचा टॉवर आहे, त्याचं रेडिएशन मोजायचंय. खरं कारण त्याच्या बायकोनं चहाआधीच सांगितलं.

"टॉवर आन् सून एकाच साली आले, बाई. पाळणा काई हालला नाई. खोट टॉवरची हाय का हिची, ते तुमची मशीन सांगन."

सून समोरच मेथीच्या जुड्या बांधत होती. माझं डोकं तिथंच तापलं.

"मशीन लहरी मोजते, बाया नाही," मी म्हणाले.

सगळ्यांना फोन बंद करायला लावले. जवळचा फोन चालू असला की आकडा उगाच फुगतो. स्टँडवर अँटेना लावला, त्याला लहरींची ताकद दाखवणारा स्पेक्ट्रम अॅनालायझर जोडला आणि प्रत्येक जागी सहा मिनिटांची सरासरी घेत फिरले. टॉवरच्या पायथ्याशी, विहिरीजवळ, अंगणात. शेवटी सून आणि तिच्या नवऱ्याच्या खोलीत. सून मागून आली आणि तिनं दार लोटलं.

"किती येऊन राहिलं, मॅडम?"

"मर्यादेच्या पुष्कळ खाली."

"जास्त लिवा ना. टॉवरचं नाव हाय म्हनून मी या घरात टिकलो. नाई तं त्याले दुसरी करून देतीन."

"नवऱ्याची तपासणी झाली?"

"त्याची कायची? साऱ्या माह्याच झाल्या. डॉक्टर म्हने, काईच दोष नाई."

आकडा फुगवणं मला कठीण नव्हतं. पण खोटा आकडा लिहून मी तिला आणखी काही वर्षं त्या टॉवरच्या आडोशाला बसवलं असतं, आणि तिचा नवरा नामानिराळा राहिला असता. खरा आकडा लिहिला आणि अंगणात आले.

"टॉवर ठीक आहे," मी सासऱ्याला म्हणाले. "सूनही ठीक आहे. आता मुलाला तपासा."

"पोराले काहून मधात घेता?" सासू कडाडली. "तुमाले टॉवर मोजाले बोलावलं!"

"मोजला."

मुलगा वांग्यांचे क्रेट गाडीत भरत होता. सून त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं पुढचा क्रेट उचलला. असा संताप आला, की तो क्रेट त्याच्या डोक्यावर पालथा करावा.

सून आत गेली आणि पिशवी घेऊन आली. "मॅडम, मले राजापेठेत सोडता? भाऊ राह्यते तिथं."

"जाय, जाय! कोन अडवते तुले?" सासू ओरडत फाटकापर्यंत आली. मुलगा तिथवरही आला नाही.

भावाच्या दारात तिला उतरवताना मी म्हणाले, "त्याची तपासणी होईपर्यंत परत जाऊ नकोस."

"झाल्यावरबी जाईन का नाई," ती म्हणाली, "ते मी पाहीन."