पंपाची खंडेनवमी

आजूबाजूच्या मोठ्या कोळसाखाणी बंद पडत होत्या, तेव्हा आमच्या ह्यांनी वेल्समध्ये एक छोटी खाण विकत घेतली, वर तिचा डोंगरही. लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या मंडळींनी त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं, पण बिऱ्हाड उचलून मागे गेले. नागपूरकडे दुसऱ्यांच्या खाणीत राबलेला माणूस तो. आल्यागेल्याला डोंगरावर नेऊन म्हणायचे, "ते कुंपण दिसतं ना, तिथपर्यंत आपलं." मेंढ्यांनाही सांगत असतील.

दुसऱ्या वर्षी कामाच्या गडबडीत खंडेनवमीची पूजा राहिली, आणि थोड्याच दिवसांत एका कामगाराची बोटं यंत्रात चिरडली. ह्यांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली ती कायमची. जेवता जेवता हात थांबायचा. मला कीव यायची, पण राग त्याहून जास्त यायचा. यंत्रावरची संरक्षक जाळी तुटलेली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी सगळ्यांना सुट्टी दिली. वेम्बलीच्या भारतीय बाजारातून झेंडू मागवला. कुदळी, फावडी, दिवे धुऊन मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग ते पंपाकडे वळले. खाणीत झिरपणारं पाणी हा पंप अहोरात्र उपसायचा, आणि बाहेर तर पाऊस कोसळत होता.

"अहो, पंप तरी चालू राहू द्या."

"पूजेतलं अवजार आज वापरायचं नाही. वडिलांनी कधी वापरलं नाही."

"वडिलांचं शिवणयंत्र होतं. त्यात पाणी भरत नाही."

"एका दिवसानं काही होत नाही. सकाळी ऑन करतो."

"हे हात दाखवून अवलक्षण आहे," मी म्हणाले. त्यांनी बटण बंद केलं आणि पंपाला माळ घातली.

सकाळपर्यंत खालचा सगळा भाग पाण्यात गेला होता. लाकडी टेकू सरकले, छत खाली बसलं. तपासणी झाली आणि खाण पुन्हा उघडू नये असं ठरलं. कामगार आपापले डबे, कोट घेऊन गेले. बोटं गेलेला माणूसही निरोपाला आला होता. त्यानं ह्यांचा खांदा थोपटला, तेव्हा हे दुसरीकडे बघत राहिले.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून ते म्हणाले, "तू मला अडवायला हवं होतंस."

भांडणात शेवटचा शब्द मी कधी सोडलेला नाही. जिभेवर सगळं तयार होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. चुकलं माझं."

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते खरं वाटलं, आणि मरेपर्यंत खरंच वाटत राहिलं.