मागे घेतलेली श्रद्धांजली

माझ्या हातून एक माणूस मेला. म्हणजे मी त्याला मारलं नाही, नुसतं मेल्याचं जाहीर केलं. चष्मा घरी विसरून स्कूटर चालवणाऱ्याच्या हातून याहून मोठं काही होत नाही.

झालं असं, की शुक्रवार पेठेतल्या गिरणीतून दळण घेऊन येत होतो. चौकात गर्दी तुंबली म्हणून डबा गुडघ्यांत धरून थांबलो आणि सवयीनं मान वर केली. आमच्या सोलापुरात चौकात थांबलेला माणूस सिग्नल बघत नाही, फ्लेक्स बघतो. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कोण गेलं, हे तिथं पेपरच्या आधी कळतं. एकेका खांबाला एकावर एक इतके फ्लेक्स बांधलेले असतात, की वरचं तोंड एकाचं आणि खालचा मजकूर दुसऱ्याचा असा संसार नेहमीच चाललेला असतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी वर दिसलं ते तोंड माझ्या वर्गमित्राचं होतं. फोटो काळा-पांढरा, भोवती झेंडूच्या माळेची चौकट, आणि बरोबर हनुवटीखाली भल्या मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

नववीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलेलो. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि भांडणात दोन्ही भाषा, असा तो. नववीला असताना त्याचे वडील अचानक गेले. परीक्षा संपली त्याच आठवड्यात तो भवानी पेठेत वडिलांच्या यंत्रमागावर उभा राहिला, तो आजपर्यंत तिथंच उभा आहे. म्हणजे त्या क्षणी मला वाटलं, होता.

घरी पोचलो. बायको दळण मागत होती. मी आधी मोबाइल काढला. कारण मी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचा प्रसिद्धिप्रमुख. शाळा ऐतिहासिक. दगडी पायऱ्या, सागवानी जिने, भिंतीवर कुणी ना कुणी थोर मंडळी येऊन गेल्याच्या संगमरवरी पाट्या. संघ शाळेपेक्षा वयानं फार लहान, पण रुबाबानं थोरला. माझं काम ग्रुपवर 'संघवार्ता' टाकायचं. अमक्याला बढती, तमक्याच्या मुलीला परदेशी नोकरी, संघाच्या वतीनं हार्दिक अभिनंदन. आजवर माझी वार्ता कुणी शेवटपर्यंत वाचल्याचा पुरावा नाही. अंगठे येतात, पण ते मजकूर उघडायच्या आत येतात.

त्या दिवशी मात्र मनापासून लिहिलं. त्याचा बाक, त्याचं हसणं, मधल्या सुट्टीत तो वाटायचा ती शेंगाचटणी. लिहिताना डोळे भरून आले, म्हणजे होतं नव्हतं ते दिसणंही गेलं. टाकून दिलं.

आणि काय सांगू! हात जोडलेल्यांची रांगच लागली. 'शाळेचा हिरा हरपला.' 'दिलदार माणूस.' ज्यानं त्याला जन्मात ओळख दाखवली नव्हती त्यानं लिहिलं, 'अजून विश्वास बसत नाही, परवाच भेटून गेला.' एकानं तर 'सुंदर लेखन' असंही लिहिलं, आणि दुःखाच्या त्या प्रसंगी मला जे झालं ते मी इथं सांगत नाही. मग अध्यक्षांचा संदेश आला. आमचे अध्यक्ष आमच्याच वर्गातले. आता शहरात त्यांच्या इमारती आहेत. 'संघाचे ज्येष्ठ सदस्य, शाळेचे लाडके सुपुत्र यांच्या निधनाने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. रविवारच्या मेळाव्यात स्तब्ध उभे राहून आदरांजली वाहण्यात येईल. त्यांचा फोटो सभागृहात लावण्यात येईल.'

'ज्येष्ठ सदस्य' वाचून मी थबकलो. कारण तो सदस्य नव्हताच. गेल्या मेळाव्याला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. दारातल्या टेबलावर खुद्द अध्यक्षांनी विचारलं, "दहावीचं वर्ष?" तो म्हणाला, "नववी." संघाचा नियम असा, की या शाळेतून दहावी पास झालेलाच माजी विद्यार्थी. बाकीचे बहुधा नुसतेच येऊन गेलेले. "पाहुणा म्हणून बस की," असं त्याला सांगितलं, तर तो बसला नाही, गेला. नंतर त्याचा अर्ज घेऊन मी कार्यकारिणीत गेलो. चहा यायच्या आत अर्ज मांडला आणि चहा निवायच्या आत तो फेटाळला गेला. तेव्हा आता मी म्हटलं, चला, जिवंतपणी नाही तर नाही, मेल्यावर तरी आत घेतला. अध्यक्षांच्या संदेशाला मी एक लाल बदाम दाबला.

पांढरा शर्ट चढवला, हार घेतला आणि भवानी पेठ गाठली. गल्लीत शिरलो तर त्याच्या शेडमधून मागाचा खडखडाट चालूच. मनात म्हटलं, काय माणसं ही, आजच्या दिवशी तरी माग बंद ठेवायचा. तेवढ्यात मानेवरचा घाम टॉवेलनं पुसत तोच बाहेर आला.

"काय बे, हार आता आणलास? वाढदिवस काल झाला की."

मी हार पाठीमागं नेला. "तू... बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? आत ये, ऊन लागलंय तुला."

त्याची बायको चहा घेऊन आली. माझा पांढरा शर्ट, पाठीमागचा हार आणि चेहरा, असं सगळं तिनं एका नजरेत बघितलं. "कोण गेलं, अन्ना?"

सांगावंच लागलं. तिनं चहा खाली ठेवला, आत गेली, मूठभर मीठ-मिरच्या घेऊन आली आणि नवऱ्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. आम्ही तिघंही खोकून बेजार. मी खोकत खोकत म्हटलं, "वहिनी, माझीपण काढा."

"तुमची कशाला काढू? लागली ती तुमचीच लागलीय!"

उलगडा झाला तो असा. मंडळाच्या पोरांनी त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला होता. ह्याच्याकडे धड फोटो नाही म्हणून कुठल्याशा जुन्या कार्डावरचा दिला. शुभेच्छांचा भाग वाऱ्यानं फाटून दुमडला आणि खालून एका आजीबाईंची श्रद्धांजली वर आली. हे ऐकून तो इतका हसला, की सुताच्या पोत्यावर बसला. "दाव की, काय काय लिहिलंय माझ्यावर."

मी मोबाइल दिला. ग्रुपवर तो नव्हता, त्याला कुठून दिसणार? अंगठ्यानं एकेक संदेश सरकवत तो वाचत गेला. आधी मोठ्यानं, मग मनात. हसणं कुठंतरी मध्येच थांबलं. अध्यक्षांच्या संदेशावर तो बराच वेळ होता.

"ज्येष्ठ सदस्य म्हणतोय बे."

"हं."

"म्हंजे घेतलं मला?"

मी चहा प्यायला लागलो. निवला होता तरी फुंकून.

"लेखी हाय की हे. सगळ्यांसमोर." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "नात तिथंच हाय पाचवीत. मेळाव्याला पायऱ्यांवर काढलेले तुमचे बॅचचे फोटो लावलेत नव्हं वऱ्हांड्यात? तिच्या मैत्रिणी आपापले आजोबा दावतात. हिनं सांगितलं, माझे आजोबापण ह्याच शाळेत होते. तर पोरी म्हणल्या, मग फोटोत कुटं हायत? रोज इचारती मला. एकदा त्या फोटोत बसलो की झालं. मला दुसरं कायबी नको तुमच्या संघाचं." मोबाइल परत देताना म्हणाला, "येतो मी रविवारी."

त्याच्या दारातच उभं राहून मी आपली वार्ता पुसली आणि खुलासा टाकला. 'देवाच्या कृपेनं आपला मित्र सुखरूप असून माझ्या चुकीबद्दल क्षमस्व.' थोडा वेळ हसणारी तोंडं आली. मग सगळं शांत. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत एकेक संदेश गळायला लागला. 'हा संदेश हटवला गेला आहे.' 'हा संदेश हटवला गेला आहे.' हिरा गेला, दिलदार माणूस गेला, परवाच भेटून गेलेला गेला. शेवटी ज्येष्ठ सदस्यही गेला. माणूस जिवंत आहे या बातमीनं एवढी हळहळ मागे घेतली जाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आता ग्रुपवर त्याच्याबद्दल फक्त माझा खुलासा उरला होता, आणि वर-खाली काहीच नसल्यामुळं तो खुळ्यासारखा दिसत होता.

लगेच अध्यक्षांचा फोन. "अरे, तो आपला सदस्य नाही हे आधी सांगायचंस ना! मी आपला लिहून बसलो."

"तो मेलेला नाही, हेच मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"ते वेगळं. पण सदस्य नाही हे तर माहीत होतं?"

रविवारी मीच त्याला स्कूटरवर घेऊन गेलो. केस चापून बसवलेले, शर्ट तोच इस्त्रीचा. फाटकात शिरल्या शिरल्या अध्यक्षांनी त्याच्या पाठीत थाप मारली. "या, या! पुनर्जन्म झाला म्हणे!" सगळे हसले, तोही हसला. "ए, शाल-नारळ आणा रे. सत्कार करू याचा. पाहुणा म्हणून."

"सत्कार नको बे. फोटोत बसतो मी."

"फोटो बॅचचा असतो ना. दहावीच्या."

"परवा सदस्य होतो की मी."

"ते भावनेच्या भरात लिहिलं रे. प्रसंगच तसा होता."

"प्रसंग म्हंजे मी मेलो होतो."

"तसं नाही. नियम आहे. आज तुला घेतला तर उद्या आठवीवाले येतील."

"येऊ देत की. ते काय शाळेत नव्हते? आन् तू दहावीला दोनदा गचकलास, मी तर एकदापण नापास झालो नाय!"

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच थांबलं. जेवण अध्यक्षांकडून होतं. मी म्हटलं, "अरे, एक माणूस बसेल कडेला, कुणाचं काय जाणार आहे?" अध्यक्ष माझ्याकडं वळून प्रेमानं म्हणाले, "तू असाच भावुक होतोस, आणि मग माणसं मरतात." यावर मात्र सगळे मोकळेपणानं हसले. उत्तर मला सुचलं, पण ते संध्याकाळी.

पायऱ्यांवर ओळी लागल्या. फेटे सावरून झाले. तो फोटोग्राफरच्या बाजूला, खाली मोकळ्या जागेत उभा होता. पहिल्या ओळीतल्या एकानं खिशातला मोबाइल काढून त्याच्या हातात दिला, "धर रे जरा, खिसा फुगलेला दिसतो." तो बघून दुसऱ्यानं दिला. मग चष्मे, किल्ल्या, एकाची गोळ्यांची डबी. फोटोत नसलेल्या माणसाकडं द्यायच्या त्या सगळ्या वस्तू. तो 'आण' म्हणत घेत राहिला. दोन्ही हात भरल्यावर शर्टाचा पुढचा घोळ पसरून त्याच्यात घ्यायला लागला. इस्त्री गेली.

मी दुसऱ्या ओळीत होतो. मला ते बघवेना. मी उठलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की मी उठलो की आणखी दोघं-चौघं उठतील, निदान कुजबुज होईल. मी सावकाश, सगळ्यांना दिसेल असा पायऱ्या उतरलो. फोटोग्राफर म्हणाला, "हां! आता बसतंय बघा बरोबर. मघापासून कडेचे काका कापले जात होते." ओळ सरकली. माझी जागा बुजली.

"तू कशाला उठलास बे, येड्या?" तो पुटपुटला. "जा, बस. तू पास हायस की."

"नाही जात."

"मग हे धर," म्हणून त्यानं अर्धे मोबाइल माझ्या हातात कोंबले. "हसा!" असं फोटोग्राफर ओरडला, आणि आम्ही दोघं लोकांची चीजवस्तू सांभाळत समोर बघत राहिलो.

फोटो झाल्यावर त्यानं ज्याचं त्याला न चुकता परत केलं. मग फाटकाकडं चालायला लागला. मी मागं धावलो. "थांब, सोडतो."

"नको. जातो चालत." फाटकात थांबला. "पोरीला काय सांगू ते तेवढं सांग. तू लिहितोस की."

मी सवयीनं मोबाइल काढला. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आन् एक कर. पुढं कधी खरंच गेलो, तर ह्यांच्या ग्रुपवर टाकू नको."

गेला. आत वाढायला सुरुवात झाली होती, मला हाका येत होत्या.

घरी आल्यावर बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. मी कसा उठलो, पायऱ्या कसा उतरलो, फोटोग्राफर काय म्हणाला, आणि आता प्रसिद्धिप्रमुखपदाचा राजीनामा किती कडक भाषेत लिहिणार आहे ते. ती मेथी निवडत ऐकत होती. मध्येच तिनं माझ्या पांढऱ्या शर्टावरचा आमटीचा डाग पाहिला, हात थांबवला.

"फोटोतून उठलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पंगतीतून नाही उठलात."